दादा आणि ढेकीचा दोर

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. हे सांगताना मला अजून संकोच वाटतो, कारण मी जाऊ शकलो त्यात माझ्या अभ्यासापेक्षा दादाच्या दंडांचा वाटा मोठा आहे. हे लिहून ठेवावं असं नागपूरला आल्यापासून मनात आहे. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

आमचं गाव गोंदिया भागातल्या दवनीवाड्यापासून दीड कोसावर. थोडी धानाची शेती. वडील लवकर गेले. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी दुसरीत होतो आणि शाळा केव्हाच सोडलेल्या दादाने नुकताच नांगर धरला होता. माझी पाटी-पुस्तकं त्यानेच आणून दिली. मी सातवीत असताना, कापणी झाल्यावर खळ्यात पुंजणं रचायचं काम चालू होतं. कापलेल्या धानाचे भारे एकावर एक लावून घराएवढी उंच गंजी करतात, तिला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. दादा वर उभा होता आणि खालून दिलेले भारे झेलून लावत होता. एक भारा झेलताना त्याचा पाय निसटला. खाली सोडून ठेवलेली बैलगाडी होती. तिच्या जुवावर तो पाठीने आदळला. त्या दिवसापासून कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नाही. तेव्हा त्याचं वय बावीस होतं.

गावच्या वाढ्याने, म्हणजे सुताराने, त्याच्यासाठी खुर्ची करून दिली. सागाची बैठक, दोन बाजूंना जुन्या सायकलची दोन चाकं, मागे एक लहान लाकडी चाक. गावात तिला सगळे ‘दादाची गाडी’ म्हणत. अंगणात ती बरी चाले, गल्लीत चिखल झाला की रुते.

माझी माय या काळात दादाचे पाय जमिनीला टेकू देत नसे. खुर्चीत बसला की ती त्याच्या पायांखाली गोधडीची घडी ठेवायची. रोज संध्याकाळी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल हलक्या हाताने चोळायची. कोणी पाहायला आलं की सांगायची, “चार वर्सं झाले, पण माह्या लेकाच्या तळपायाले माती नाही लागू देली.” हे सांगताना तिचा आवाज भरून येई. आम्हा सगळ्यांनाच वाटे की माया करायची ती अशीच. मोडलेल्या माणसाला जपायचं, हलू द्यायचं नाही, त्याला मागावं लागण्याआधी वस्तू हातात द्यायची.

त्याला सकाळी खाटेवरून खुर्चीत आणि रात्री खुर्चीतून खाटेवर मी उचलून ठेवत असे. एक हात गुडघ्यांखाली, एक हात पाठीमागे. मायच्याने ते होत नसे, तिची कंबर धरलेली. त्यामुळे मी कधी गावाबाहेर मुक्काम केला नाही. मॅट्रिकची परीक्षा देऊन आलो, तेव्हा दादा म्हणाला, “पास झाला तं नागपूरले जाजो.”

मी म्हटलं, “अन् तुले उचलन कोण?”

पण खरं सांगायचं तर मला जायचं होतं. शाळेतल्या एका गुरुजींनी वसतिगृहाचा अर्ज आणून दिला होता. तो मी पेटीत कपड्यांखाली ठेवला होता आणि रोज एकदा काढून पाहत होतो.

त्याच चैत्रात दादाच्या बसण्याच्या जागेवर जखम झाली. बरी होईना, म्हणून बैलगाडीत गवत पसरून त्याला गोंदियाला नेलं. तिथे एक म्हातारे डॉक्टर होते, पूर्वी लष्करात काम केलेले. त्यांनी जखम साफ केली, मग दादाची मनगटं, खांदे, पाय असं सगळं तपासलं. मग खुर्चीकडे पाहत राहिले. ते हिंदीतच बोलत.

“दिन भर करते क्या हो?” त्यांनी दादाला विचारलं.

“बसतो.”

“बस, बैठना?”

“बसणंच आहे ना जी आता.”

डॉक्टर मायकडे वळले. मायने नेहमीचं सांगितलं, तळपायाला माती लागू दिली नाही ते. मला वाटलं, ते तिचं कौतुक करतील. ते म्हणाले, “माँजी, आपने पैर को आराम दिया. हड्डी को आराम नहीं चाहिए. बोझ नहीं मिलेगा तो हड्डी समझेगी, अब मेरी जरूरत नहीं. अंदर से पतली हो जाएगी.” मायला निम्मं कळलं. पण जे कळलं त्याने तिचा चेहरा उतरला.

त्यांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. रोज दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवून, त्यांवर तळहात रोवून ढुंगण वर उचलायचं, दिवसातून अनेकदा. त्याने जखमही होणार नाही आणि हातात बळ येईल. तळपाय उघडे जमिनीवर टेकवून बसायचं आणि गुडघ्यांवर हातांनी भार द्यायचा. आणि दोर ओढायचा, जड काहीतरी ओढायचं, खांदे तयार होईपर्यंत. पायांवर उभं करण्याबद्दल त्यांनी बोट वर करून बजावलं, “इसकी जल्दी मत करना. दो महीने बाद मेरे पास लाओ, मैं देखूँगा.” खुर्चीचा एक हात काढता येईल असा करायला आणि खाट खुर्चीच्या उंचीची करायलाही त्यांनी सांगितलं. “फिर ये खुद उतरेगा, खुद चढ़ेगा.”

खुद उतरेगा, खुद चढ़ेगा. परतताना बैलगाडीत मी हेच मनात घोळवत होतो. जूनच्या शेवटी कॉलेज उघडणार होतं. मी बोटांवर आठवडे मोजले.

वाढ्याने खुर्चीचा डावा हात खुंटीवर बसवला, उपटला की निघे. खाटेखाली विटा दिल्या. दोन ठोकळे रंधून दिले. सगळं तयार झालं आणि दादा अडून बसला.

“रिकामा बसून अंग वरखाली करू?” तो म्हणाला. “लोक म्हनतील, पाय गेले तं गेले, आता डोस्कंबी गेलं.”

“डॉक्टरनं सांगितलं ना दादा.”

“डॉक्टरले शेती आहे का?”

मला आधी राग आला. मग हळूहळू कळलं. त्याने आयुष्यात कधी काम सोडून नुसती मेहनत केली नव्हती. नांगर धरला तो जमिनीसाठी, भारे उचलले ते धानासाठी. कशासाठीच नाही, नुसतं हातांसाठी हात हलवणं त्याला लाजेचं वाटे. गावातल्या आखाड्यात दंड-बैठका काढणाऱ्यांनाही तो पूर्वी हसायचा. ठोकळ्यांवर तो दोनदा उठे आणि सोडून देई. एक आठवडा असाच गेला.

आमच्या पडवीत ढेकी होती. धान कांडायची लाकडी तुळई, मधे आसावर टेकलेली. एका टोकाला मुसळ, खाली जमिनीत उखळ. दुसऱ्या टोकावर बाया पायाने दाब देतात, मुसळ वर जातं, पाय सोडला की उखळात पडतं. गल्लीतल्या बाया आमच्याकडेच कांडायला येत. एक दिवस शेजारची मामी एकटीच आली होती. तिची सून माहेरी होती. एकटीला पायाने दाबायचं आणि उखळातलं धान हाताने हलवायचं, दोन्ही जमेना. दादा खुर्चीतून पाहत होता. अचानक म्हणाला, “मुसळाले दोर बांध. अन् विहिरीची कप्पी आन.”

कप्पी मयालीला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाला टांगली, दोर तिच्यावरून घेतला. दादाने खुर्चीत बसून दोर खाली ओढला, मुसळ वर गेलं. सोडला, धाडकन उखळात पडलं. मामी दचकून मागे सरली.

“अगा, माह्ये बोटं आहेत तिथं!”

“मंग मी ‘हं’ म्हनलो का हात काढजो.”

“अन् तू म्हनायचं इसरला तं?”

“तं मंग तू भाकर थापाची सुटली मामी.”

ती मोठ्याने हसली आणि बसली. अर्ध्या घटकेत दोघांचा ताल बसला. त्या दिवशी दादाने मामीचं धान कांडून दिलं, आणि त्याच्या खांद्यांवरून घाम खाली ओघळत होता. चार वर्षांत मी त्याला घामाने भिजलेला पाहिला नव्हता.

धान कांडणं हे आमच्याकडे बायांचं काम. पुरुष त्याला हात लावत नाही. मायला ते फार लागलं. ती म्हणाली, “मोठा पोरगा माह्या बायांच्या कामाले बसला.” दादा म्हणाला, “रिकामं बसन्यापरिस बरं.” दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया मुद्दाम येऊ लागल्या. त्यांच्या तोंडाला काय कमी!

“काय गा बाबू, तुह्यासाठी पोरगी पाहाले गेलो तं हेच सांगू का, पोरगा धान कांडते म्हणून?”

“सांग ना. पर हेबी सांगजो का पाखडाले येत नाही, तेवढं तिनं शिकून या.”

बाया हसून लोटपोट. पण हळूहळू टिंगल कमी झाली आणि नंबर लागायला लागले. दादा सकाळी आणि दुपारी ओढायचा. दोन घाण्यांच्या मधे, धान काढून नवं घालेपर्यंत, तो आपणहून ठोकळ्यांवर उठायचा. आता तो रिकामा नव्हता, कामाच्या मधल्या वेळात होता, म्हणून त्याला लाज वाटत नव्हती. हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा मी एवढंच पाहत होतो की किती दिवस राहिले.

मे महिन्यात त्याचे दंड भरले. खाटेवरून खुर्चीत यायला तो मधे टाकलेल्या फळीवरून सरकत अर्ध्यावर येई, मग अडके, आणि मी पुढे होऊन धरत असे. रोज अर्ध्यावर. मला वाटू लागलं की पायांना थोडा तरी जोर आला, ते थोडे तरी टेकले, तर पुढचं अर्धं जमेल. डॉक्टरांनी जल्दी करू नको म्हटलं होतं, ते मला पाठ होतं. तरीही मी ते केलं. हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

माय पहाटेच तेंदूपत्ता तोडायला गेली होती. मी दादाला म्हटलं, “आज उभा राहून पाहतो का?” तो माझ्याकडे पाहत राहिला. “होईल?” एवढंच म्हणाला. मी त्याला पडवीच्या मधल्या खांबाला टेकवलं. एक धोतर छातीशी बांधलं, एक कमरेशी. गुडघे बांधायचं मला सुचलं नाही.

तो उभा होता. माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी विसरून गेलो होतो की तो माझ्यापेक्षा उंच आहे. त्याने कुंपणावरून पलीकडे पाहिलं, मग गोठ्याकडे, आणि म्हणाला, “गोठ्यावरचे कवेलू फुटले आहेत ना बे. चार-पाच. तू सांगितलं नाही कधी.” मी म्हटलं, कौलं बदलतो. मला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. तेवढ्यात त्याचे गुडघे आत वळले. कमरेचं धोतर सैल झालं. तो छातीच्या धोतरात लोंबकळल्यासारखा खाली आला आणि उजवा पाय त्याच्याच वजनाखाली मुरगळला. मी त्याला झेललं. कसलाच आवाज आला नाही. त्याला दुखलं नाही. खुर्चीत बसवल्यावर तो म्हणाला, “मायले नोको सांगू.” मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वरचा भाग सुजला होता आणि हाताला गरम लागत होता. मायला वाटलं किडा चावला, तिने हळद लावली. मला ठाऊक होतं. तरी तो सगळा दिवस मी गप्प राहिलो. रात्रभर झोप नाही. सकाळी मायला सगळं सांगितलं आणि गाडी जुंपली. वाटेत ती दादाच्या पायावर सावली पडावी म्हणून पदर धरून बसली होती.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर तडकलं होतं. त्यांनी तो उजेडाकडे धरून मला दाखवला. हाडाची कड मला शाईने काढलेल्या बारीक रेघेसारखी दिसली. मी कबूल केलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

“कॉलेज कब खुलता है?” त्यांनी विचारलं. दादानेच त्यांना ते सांगितलं असावं.

मी सांगितलं.

“हड्डी को कॉलेज का पता नहीं है, बेटा,” ते म्हणाले. पुढे त्यांनी पक्कं प्लास्टर घातलं नाही. आत जखम झाली तर याला कळणार नाही, म्हणाले. कापूस भरलेल्या दोन फळ्या पायाला बांधल्या आणि रोज उघडून पाहायला सांगितलं. पाय जुळेल, पण उभं राहणं आता नाही. तळपाय जमिनीवर आणि हात कामात, एवढंच.

निकाल लागला. मी पास झालो होतो. मी घरी सांगितलं की यंदा जात नाही. मला खरंच तसं वाटत होतं, आणि खरंच तसं वाटतही नव्हतं. दादा ढेकीवर होता. पाय फळ्यांसकट एका पाटावर लांब ठेवलेला. त्याने दोर सोडला नाही.

“काऊन नाही जात?”

“तुह्या पाय माह्यानं मोडला.”

“मोडला तं मोडला. तो कुठे चालत होता?”

मामी उखळाशी बसली होती, ती खाली पाहून हसू लागली. मला हसता येईना.

“तुले उचलाले कोणीतरी पाहिजे दादा.”

आता त्याने दोर सोडला. मुसळ उखळात पडलं आणि तो माझ्याकडे वळला. “सांगू का? तू आहे म्हणून मी अर्ध्यावर अडकतो. मी फळीवर आलो का तुह्ये हात पुढे येते. मले दिसते. मंग मी सोडून देतो. तू नसशील तं मी कोणावर सोडीन?”

मी म्हटलं, “मी नाही धरणार. आता करून दाखव.”

“तू धरशील,” तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. त्या संध्याकाळी आणि पुढचे तीन दिवस मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, आणि चारही दिवस माझे हात पुढे गेले. शेवटी मी वसतिगृहाचा अर्ज पाठवला. पायाच्या फळ्या निघायला अजून तीन आठवडे होते. तेवढे दिवस मामीचा मुलगा सकाळ-संध्याकाळ येऊन त्याला उचलेल असं ठरलं. त्यानंतरचं काही ठरलं नव्हतं. गोंदियाच्या स्टेशनात गाडीत बसताना मला ठाऊक नव्हतं की मी शिकायला चाललो आहे की दादाला टाकून चाललो आहे.

नागपुरात पहिले महिने मला मित्र झाले नाहीत. वर्गात सगळे इंग्रजी भराभर बोलत. मी सकाळी उठलो की पहिल्यांदा हेच मनात येई, आता तो खाटेवर जागा झाला असेल. घरून पत्र येण्याचा प्रश्न नव्हता. दादाचं लिहिणं दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत थांबलेलं, मायला अक्षर येत नव्हतं.

दिवाळीला गेलो. उशिरा पोचलो, दादा झोपला होता. सकाळी उठलो तेव्हा ऊन पडवीत आलं होतं. माय उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. दादा खाटेवर बसला होता, पाय खाली, तळपाय उघडे, सारवलेल्या जमिनीवर टेकलेले. तिने ती गोधडीची घडी कधी काढून टाकली, मला माहीत नाही. खुर्ची खाटेला लागून होती, डावा हात उपटलेला. मध्ये फळी.

त्याने मला पाहिलं, पण थांबला नाही. ठोकळ्यांवर हात रोवून उठला आणि फळीवर आला. तिथे, नेहमीच्याच जागी, तो अडकला. फळी सरकली. तो खाट आणि खुर्ची यांच्या मधे हळूहळू खाली बसला, जमिनीवर. मी उठलो.

“बस तिथं,” माय म्हणाली. तिने सुपातून नजर काढली नव्हती.

“माय, तो पडला.”

“दर दोन दिवसांनी पडते. बस.”

मी बसलो. दादाने पाय हाताने उचलून सरळ केले, एक, मग दुसरा, मोडलेला उजवा जास्त सावकाश. मग खाटेच्या वरच्या मयालीला एक दोर लोंबत होता, गाठी मारलेला, तो धरला. दंड ताठ झाले. मानेच्या शिरा दिसू लागल्या. तो वर येत होता, पण फार हळू. एकदा तो बोटभर खाली आला. शेजारच्या घरात कोणीतरी अंगण झाडत होतं. मग त्याचं ढुंगण खुर्चीच्या कडेला लागलं, त्याने एका हाताने दोर सोडून खुर्चीचा दांडा पकडला आणि अंग आत ओढलं. बसला. थोडा वाकडा बसला होता. ठोकळ्यांवर रोवायचा तसा हात बैठकीवर रोवून त्याने स्वतःला सरळ केलं.

या सगळ्याला किती वेळ लागला मी सांगू शकत नाही. मी उचललं असतं तर एक क्षण लागला असता.

तो धापा टाकत होता. कपाळ पुसून मला म्हणाला, “नागपूरले सकाळी चहा देते का?”

“देते.”

“कसा असते?”

“पातळ.”

“मंग माय, याले आज चांगला दे,” तो म्हणाला, आणि चाकं हाताने फिरवत पडवीकडे गेला, जिथे एक बाई टोपलीत धान घेऊन उभी होती.

दिवाळीची सुटी संपेपर्यंत मी घरी होतो. त्या दिवसांत मी त्याला एकदाही उचललं नाही. ते सोपं नव्हतं. मी परत निघालो त्या सकाळी तो पहिल्याच खेपेला खुर्चीत आला की पडून आला, हे मी पाहिलं नाही. बस लवकर होती आणि मी तो जागा होण्याआधीच निघालो.